बुद्धिबळाच्या पटावरील पंक्तिभेद : रोहिणी खाडिलकर यांच्या स्पर्धाजीवनाचा अभ्यास

खेळाडूच्या स्पर्धाजीवनाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे त्याने जिंकलेल्या स्पर्धांची कालानुक्रमे यादी द्यावयाची, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. अशी यादी आवश्यक असते याविषयी दुमत नाही. सनावळीवाचून इतिहास उभा राहत नाही. तथापि यादी पूर्ण झाली की अभ्यासकाच्या कामाला खरा प्रारंभ होतो. हे विजय कोणाविरुद्ध मिळाले, कोणाविरुद्ध खेळण्याची मुभा होती आणि कोणासमोर बसावयालाच मिळत नव्हते, हे प्रश्न यादीच्या समासात अनुत्तरित राहिलेले असतात. बुद्धिबळाच्या बाबतीत तर हे प्रश्न अधिकच महत्त्वाचे ठरतात. कारण या खेळात सामर्थ्य मोजण्याचे माप प्रतिस्पर्ध्याच्या सामर्थ्यावरच अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने रोहिणी खाडिलकर यांच्या स्पर्धाजीवनाचा विचार करावयाचा आहे. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेतेपद, दोन वेळा आशियाई महिला विजेतेपद आणि महिला इंटरनॅशनल मास्टर हा किताब ही त्यांची ठळक कमाई होय. परंतु या सर्वांहून अधिक दूरगामी ठरलेली घटना १९७६ सालची आहे, आणि तिचा संबंध विजेतेपदाशी नसून प्रवेशाशी आहे. त्या वर्षी त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळावयास बसल्या. त्या एका प्रवेशामुळे जो वाद उत्पन्न झाला, तो न बघता त्यांच्या विजयांचा अर्थ पुरता लागत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१

प्रथम पार्श्वभूमी पाहू. महाराष्ट्रात बुद्धिबळ हा जुना खेळ असला, तरी आज स्पर्धांत खेळला जातो तो खेळ आणि आपल्या आजोबा-पणजोबांचा खेळ यांत पुष्कळ अंतर आहे. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जात असे. राजाला एकदाच घोड्याची उडी मारण्याची सवलत असे. आठव्या पट्टीत पोचलेल्या प्याद्याला हवे ते मोहरे होता येत नसे. ज्या घरात ते पोचले त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे रूप त्याला मिळे. प्याद्याने केलेली मात हा तर खेळाडूच्या कौशल्याचा परमोत्कर्ष समजत. प्यादेमात या शब्दातील खोच आजही बोलण्यात शिल्लक आहे.

या घरगुती व दरबारी परंपरेतून आंतरराष्ट्रीय नियमांकडे होणारे संक्रमण सहजासहजी झालेले नाही. पंजाबातील मीर सुलतान खान हे याचे प्रसिद्ध उदाहरण. देशी नियमांवर वाढलेला हा खेळाडू सर उमर हयात खान यांच्या पदरी इंग्लंडला गेला आणि त्याने १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश विजेतेपद मिळविले. त्याच परिवारात काम करणाऱ्या मिस फातिमा यांनी १९३३ साली ब्रिटिश महिला विजेतेपद पटकाविले. सुलतान खान यांचे नाव बुद्धिबळाच्या वाङ्मयात वारंवार येते, फातिमा यांचे क्वचित येते. एकाच घरातील दोन खेळाडूंच्या कीर्तीत पडलेले हे अंतर पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली, अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना झाली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली आंध्रातील एलुरू येथे भरली व तिचे विजेतेपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांना विभागून मिळाले. म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या आरंभापासूनच मराठी खेळाडू अग्रभागी होते. १९६१ साली मॅन्युएल अ‍ॅरन हे भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर झाले. महिलांची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा मात्र १९७४ साली बंगळूर येथे प्रथम भरली. एलुरू आणि बंगळूर यांत १९ वर्षांचे अंतर आहे. या काळात वाढलेल्या मुलींना राष्ट्रीय पातळीवर स्वतःची स्पर्धा नव्हती, आणि जी स्पर्धा होती ती पुरुषांची म्हणून ओळखली जात होती.

२

बंगळूरच्या त्या पहिल्या स्पर्धेत वासंती खाडिलकर विजयी झाल्या. १९७५ साली त्यांची धाकटी बहीण जयश्री हिने विजेतेपद मिळविले, आणि १९७६ साली ते सर्वांत धाकट्या रोहिणी हिच्याकडे गेले. त्या वेळी रोहिणीचे वय अवघे १३ वर्षांचे होते. एवढ्या लहान वयात हा मान त्यापूर्वी कोणाला मिळालेला नव्हता. राष्ट्रीय महिला स्पर्धेच्या पहिल्या दशकातील सर्व विजेतीपदे या तीन भगिनींनी आपसांत वाटून घेतली. एका घराने राष्ट्रीय स्पर्धा दहा वर्षे आपल्याकडे राखावी ही गोष्ट कोणत्याही खेळाच्या इतिहासात विरळाच होय.

हे घर मुंबईतील वृत्तपत्रव्यवसायातले. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९२३ साली 'नवाकाळ' पत्र सुरू केले. त्यांचे नातू नीळकंठ खाडिलकर हे या तिघींचे वडील आणि त्याच पत्राचे संपादक. वृत्तपत्राच्या घरात वाद घालणे, लेखी बाजू मांडणे आणि प्रसंगी अधिकाऱ्यांशी झगडणे या गोष्टी नव्या नसतात. १९७६ च्या प्रकरणात या वातावरणाचा उपयोग झाला असावा, असे अनुमान करावयास हरकत नाही. मात्र त्यावरून एक इशाराही घ्यावयास हवा. ज्या घरी असे पाठबळ नव्हते, तेथील मुलींची नावे आपल्या यादीत नाहीत. यादीतील नावे ही बुद्धीची साक्ष देतात. यादीत नसलेली नावे बुद्धीच्या अभावाची साक्ष देत नाहीत.

३

आता १९७६ च्या प्रवेशाकडे वळू. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेणाऱ्या रोहिणी खाडिलकर या पहिल्या स्त्री-खेळाडू. त्यांच्या सहभागावर मोठा गहजब झाला. महिलांसाठी वेगळी स्पर्धा असताना मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत का यावे, हा आक्षेपाचा गाभा होता. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे निर्णय खेळाडूच्या बाजूने झाला. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. मॅक्स यूव्ह यांनीही निर्णय दिला की, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही.

या वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले होते, ते वेगळे केले पाहिजेत. महिलांसाठी स्वतंत्र स्पर्धा असावी काय, हा पहिला प्रश्न. स्वतंत्र स्पर्धा आहे म्हणून सर्वांच्या स्पर्धेचे दार बंद करावे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी देऊनही दुसऱ्याचे नकारार्थी देता येते. आक्षेप घेणारांची चूक अशी की, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचेही मिळाले असे त्यांनी गृहीत धरले. सवलत म्हणून निर्माण झालेली व्यवस्था अशा रीतीने मर्यादा बनते. आपल्या समाजाला पंक्तिभेदाचा जो दीर्घ अनुभव आहे, त्याच्याशी या युक्तिवादाचे साम्य उघड आहे. 'तुमचे पान तिकडे मांडले आहे' या वाक्यात पान मांडल्याचे सौजन्य असते, आणि 'इकडे बसू नका' ही आज्ञाही असते.

डॉ. यूव्ह यांच्यासंबंधी एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. १९२७ साली लंडन येथे महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीत व्हेरा मेंचिक विजयी झाल्या. १९२९ साली कार्ल्सबाड येथील बलाढ्य पुरुष खेळाडूंच्या स्पर्धेत त्यांना घेतले, तेव्हा व्हिएन्नाचे अल्बर्ट बेकर यांनी थट्टेने असे सुचविले की, मेंचिककडून हरणाराला 'व्हेरा मेंचिक मंडळा'चे सभासद करून घ्यावे. त्या मंडळाचे पहिले सभासद स्वतः बेकरच झाले. पुढे हेस्टिंग्ज येथे मेंचिक यांनी यूव्ह यांचाही दोन वेळा पराभव केला. आणि हेच यूव्ह १९३५ साली अलेखिन यांना हरवून जगज्जेते झाले. या अनुभवामुळेच त्यांनी १९७६ साली तसा निर्णय दिला, असे म्हणणे इतिहासशास्त्राला धरून होणार नाही. परंतु स्त्री-खेळाडूसमोर बसून हरणे म्हणजे काय, हे प्रत्यक्ष जाणणारा माणूस त्या वेळी अध्यक्षपदी होता, एवढे मात्र खरे.

निर्णय झाला म्हणून प्रश्न मिटला, असे झाले नाही. दहा वर्षांनी, १९८६ साली, हंगेरीच्या सुझान पोल्गार पुरुषांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या प्रादेशिक फेरीला पात्र ठरूनही त्यांना खेळू दिले गेले नाही. युरोपातील एका अग्रेसर बुद्धिबळ-राष्ट्रात जो अडथळा १९८६ साली उभा होता, त्याला भारतात १९७६ सालीच आव्हान मिळाले होते. भारतीय क्रीडेतिहासात या गोष्टीची जेवढी नोंद व्हावयास पाहिजे होती तेवढी झालेली नाही.

४

या प्रवेशाचे महत्त्व तत्त्वापुरतेच होते काय? तसे नाही. त्याला मोजमापाची एक व्यावहारिक बाजू आहे, आणि ती समजण्यासाठी गुणांकनपद्धती पाहिली पाहिजे. अमेरिकेतील प्राध्यापक अर्पाद एलो यांची गुणांकनपद्धती जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. दोन खेळाडूंच्या गुणांकांतील अंतरावरून त्यांच्या सामन्याचा संभाव्य निकाल काढावयाचा आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून चांगला की वाईट हे पाहून गुणांक वाढवावयाचा वा घटवावयाचा, हे तिचे तत्त्व. अंतर २०० गुणांचे असेल तर वरचढ खेळाडूने चार डावांत सुमारे तीन गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते.

या पद्धतीचा एक परिणाम सामान्यतः लक्षात येत नाही. एका गटातील खेळाडू केवळ आपसांत खेळत राहिले, तर एकाने मिळविलेले गुण दुसऱ्याने गमावलेले असतात. गटातील क्रम बदलतो, परंतु संपूर्ण गटाची पातळी बाहेरच्या गटाशी ताडून पाहण्याचे साधन राहत नाही. शेजारच्या दोन विहिरींतील पाणी आतून जोडलेले नसेल, तर एकीच्या पायऱ्या मोजून दुसरीची खोली सांगता येत नाही, तसेच हे आहे.

जागतिक संघटनेला ही अडचण कालांतराने मान्य करावी लागली. जानेवारी १९८७ च्या यादीत जगातील सर्व महिला खेळाडूंच्या गुणांकांत सरसकट १०० गुणांची भर घालण्यात आली. महिला बहुधा आपसांतच खेळत असल्यामुळे त्यांचे गुणांक पुरुषांच्या तुलनेने खाली राहिले आहेत, असे कारण देण्यात आले. यातून सुझान पोल्गार यांना तेवढे वगळले, कारण त्या मुख्यतः पुरुषांशी खेळत असत. हा उपाय योग्य होता की नाही याविषयी वाद झाला व तो रास्तही होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, वेगळी पंगत मांडल्याने मोजमापच बिघडते, ही कबुली खुद्द मोजमाप करणाऱ्या संस्थेने दिली. १३ वर्षांच्या मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत बसण्याचा आग्रह धरला, त्यामागील व्यवहार या कबुलीतून अकरा वर्षांनी स्पष्ट झाला.

५

रोहिणी खाडिलकर यांच्या पुढील वाटचालीचा आढावा आता घेता येईल. १९७६ नंतर १९७७, १९७९, १९८१ व १९८३ या वर्षी त्यांनी राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळविले. १९७८ साली ब्वेनोस आयरिस येथे झालेल्या महिला ऑलिंपियाडमध्ये भारतीय संघातर्फे खाडिलकर भगिनी खेळल्या. महिलांचे हे ऑलिंपियाड १९५७ सालापासून भरत होते. १९७९ साली जयश्री खाडिलकर यांना महिला इंटरनॅशनल मास्टर हा किताब मिळाला; तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. १९८० सालचा अर्जुन पुरस्कार रोहिणी खाडिलकर यांना देण्यात आला. १९८१ साली हैदराबाद येथे आशियाई महिला स्पर्धा झाली, तीत १२ पैकी साडेअकरा गुण मिळवून त्या अपराजित राहिल्या व त्याच वर्षी त्यांनाही महिला इंटरनॅशनल मास्टर हा किताब मिळाला. १९८३ साली क्वालालंपूर येथे त्यांनी आशियाई विजेतेपद पुन्हा जिंकले. पुढे त्या वृत्तपत्रव्यवसायात शिरल्या आणि 'संध्याकाळ' या मराठी सायंदैनिकाच्या संपादक झाल्या.

१२ पैकी साडेअकरा हा आकडा नीट पाहावा. सर्व स्पर्धेत केवळ एक डाव बरोबरीत सुटला. एवढे निर्विवाद यश मिळाल्यावर खेळाडूने त्याहून कठीण स्पर्धेत जावे हा स्वाभाविक क्रम होय. कारण जिथे जवळजवळ प्रत्येक डाव जिंकला जातो, तिथे शिकावयाचे फारसे उरलेले नसते. पुरुष खेळाडूंनाही त्या काळी ही वाट सुलभ नव्हती. ग्रँडमास्टर पदासाठी ठराविक दर्जाच्या परदेशी व किताबधारी प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध ठराविक यश अनेक वेळा मिळवावे लागते; तशा स्पर्धा भारतात मोजक्या होत आणि परदेशचा प्रवास खर्चाचा होता. विश्वनाथन आनंद १९८८ साली भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले. सात वेळा राष्ट्रीय विजेते ठरलेले मुंबईचे प्रवीण ठिपसे यांना हे पद १९९७ साली मिळाले. पुरुषांची ही स्थिती असताना महिलांना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत बसण्यासाठीच न्यायालयाची पायरी चढावी लागावी, यावरून त्यांच्यापुढील अंतर किती अधिक होते याची कल्पना येते. रोहिणी खाडिलकर ग्रँडमास्टर झाल्या नाहीत, हे विधान खरे आहे. परंतु ते केवळ त्यांच्या खेळासंबंधीचे विधान नाही. जगात तरी काय होते? जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विली यांना १९७८ साली ते पद मिळाले, तेव्हा ते मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत्या.

येथे प्रतिपक्षाची बाजूही मांडली पाहिजे. स्वतंत्र महिला स्पर्धा नसती, तर खाडिलकर भगिनींना राष्ट्रीय मान्यता, परदेशी स्पर्धांतील प्रवेश आणि किताब यांपैकी किती गोष्टी मिळाल्या असत्या? हा आक्षेप सबळ आहे. त्यांच्यानंतर आलेल्या पिढीकडे पाहिले असता या स्पर्धांचे उपकार नाकारता येत नाहीत. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले या दोघींनी प्रत्येकी पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळविले. अनुपमा यांना १९८६ साली व भाग्यश्री यांना १९८७ साली पद्मश्री देण्यात आली. २००९ साली पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन या मुलींच्या कनिष्ठ गटात जगज्जेत्या झाल्या. ही परंपरा महिलांच्या स्पर्धांतूनच वाढली. तेव्हा स्वतंत्र स्पर्धा हानिकारक, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १९७६ चा लढा तसा नव्हताही. रोहिणी खाडिलकर यांनी महिलांची स्पर्धा सोडली नाही. त्याच वर्षी ती त्यांनी जिंकली. एका स्पर्धेवरील हक्कामुळे दुसरीवरचा हक्क जाऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

या दृष्टीने अगदी अलीकडील घटना उद्बोधक आहेत. २०२४ साली बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळविले. त्या संघाचे कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे हे होते आणि नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी तिसऱ्या पटावर वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले. २८ जुलै २०२५ रोजी बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दिव्या यांनी कोनेरू हम्पी यांचा पराभव केला आणि त्या विजयामुळेच त्यांना ग्रँडमास्टर पद प्राप्त झाले. महिलांच्या स्पर्धेतील विजयाने सर्वांसाठी असलेले पद थेट मिळावे, हा १९७६ च्या परिस्थितीचा जवळजवळ उलटा क्रम होय. ती एका मराठी मुलीची कमाई आहे, हे योगायोगाचे असले तरी समाधानाचे आहे.

६

शेवटी संशोधनपद्धतीसंबंधी दोन शब्द. आपण वर जी कथा पाहिली ती मुंबई, सांगली, पुणे, नागपूर अशा मोठ्या नगरांची आणि मुख्यतः छापील नोंदी मागे ठेवणाऱ्या कुटुंबांची आहे. जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याने हाच प्रश्न आपल्या परिसरात विचारावयाचे ठरविले, तर त्याला वेगळ्या साधनांकडे जावे लागेल. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील शाळांची क्रीडाविषयक दप्तरे, वाचनालयांचे वार्षिक अहवाल, गणेशोत्सवातील बक्षिसांच्या याद्या आणि वृद्ध माणसांच्या आठवणी ही ती साधने होत. घरात देशी नियमांनी कोण खेळे, मुलींना पटाशी बसू देत की नाही, आणि नवे नियम प्रथम कोणी आणले, हे विचारावे. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. आंबेगाव हे ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. अशा स्थलांतरात माणसांबरोबर घरातील कागद सुरक्षित येतातच असे नाही.

अशा शोधात विजेत्यांच्या याद्या मिळतील तशा त्या नोंदवाव्यात. परंतु प्रत्येक यादीखाली एक ओळ मोकळी ठेवावी आणि तीत त्या स्पर्धेला कोणाला प्रवेश होता हे लिहावे. १९७६ साली १३ वर्षांच्या एका मुलीने तिच्या काळातील राष्ट्रीय स्पर्धेच्या यादीखाली ती ओळ लिहावयास लावली. तिच्या पाच राष्ट्रीय आणि दोन आशियाई विजेतेपदांचे मोल त्या ओळीसह वाचले म्हणजेच नीट कळते.